वालाची शेवटची मूठ

घागर पाण्याला टेकते न टेकते तोच मागून आवाज आला, "तलाव बापाचा होय का?"

कुंता पायरीवर थबकली. मोहर्लीच्या जंगलालगतचं हे गाव. चोपन्न सालचा श्रावण कोरडाच चालला होता. मालगुजाराची जमीनदारी गेली तरी तलावाची राखण गावानं सोडली नव्हती, आणि पंचांनी बजावलं होतं, पाणी फक्त धानाला, घरामागच्या बाडीला थेंबही नाही. राखणीला बसवला होता केवळराम. होळीनंतर मामाकडे राहायला आलेला, उंच, सावळा आणि जिभेचा तिखट.

"बापाचा असता तर तुले ठेवला नसता राखनीले," कुंता म्हणाली.

"मंग कोनाले ठेवला असता?"

"घागरीकडं पाह्यनाऱ्याले. तू त माह्याकडंच पाहून राह्यला."

केवळराम हसला, पण घागर उपडी करायला लावलीच. हुकूम म्हणजे हुकूम. मग हळूच म्हणाला, "एवढं कायले पायजे पानी?"

कुंतानं सांगितलं. तिच्या आईचा, रुखमाबाईचा वाल. ते बी आजीकडून आईकडे आलेलं. लेक सासरी निघाली की वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून सोबत द्यायचं, आणि शेवटची मूठ कधी पेरायची नाही, अशी घरची रीत. आई माघात गेली. पहिल्या सरीला हरखून कुंतानं अख्खा तुंबाच रिकामा केला होता. आता वेल माना टाकत होते. ते वाळले की आईचं बी जगातून संपलं.

"जाय घरी," केवळराम एवढंच बोलला. "सांज झाली."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कुंता बाडीत गेली आणि बघतच राहिली. वालाची आळी ओलीचिंब होती. शेजारची वांगी मात्र ठक्क कोरडी. कुंपणाचा काटेरी झाप होता तसाच लावलेला. बाप लटारूभाऊ घरात घोरत होता. मग कोण? दुसरं कोण असणार! तिला केवळरामचं हसू आठवलं.

रोज पहाटे माती ओली. वेलांनी माना वर काढल्या, फुलं धरली. मात्र बाडीच्या त्या कोपऱ्यात पाखरू बसेना. कुत्रं कुंपणापाशी येऊन शेपूट घालून परत जाई. भर दुपारी, वारा ठार पडलेला असताना, वालाचीच पानं तेवढी हलत… कोणी गोंजारल्यासारखी. कुंताच्या अंगावर काटा येई. पण नव्यानं जीव जडलेल्या माणसाला भीतीही गोडच लागते.

तिनं भाजलेली मोहफुलं नि तीळ पळसाच्या पानात बांधून तलावाच्या पाळीवर, बांधावर, ठेवले. सांजेला त्याच पानात मोराचं पीस होतं.

"कोनाले सांगू नको," ती जाता जाता म्हणाली.

"मी काऊन सांगू? तूच नको सांगू," तो म्हणाला. दोघंही आपापलं समजून हसली.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मात्र तिला राहवेना. "रोज एवढं पानी वाहतं, पंचाईले समजलं त राखन जाईन न तुही."

"मी?" केवळरामच्या कपाळाला आठी पडली. "मी कुठी वाहतो? तूच त येतं, पहाटे. मी पाठ करून बसतो. तू दिसली त अडवा लागन… आन् तुले नाई अडवू शकत मी. तू मले आवडतं, कुंता."

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. पण ऐकलं तेव्हा ती एक पाऊल मागं सरली.

"त्या सांजेपासून मी पायरी उतरलीच नाई," ती म्हणाली.

"मस्करी नको करू. रोज आयकतो मी. घागर बुडते, मंग जोडव्याइचा आवाज पायऱ्या चढत जाते."

कुंतानं लुगड्याचा काठ जरासा उचलला. कुवार पोरीची पावलं. बोटं रिकामी.

"आई सवाष्ण गेली," ती म्हणाली. "जोडवे घालूनच नेली तिले."

दुसऱ्या पहाटे दोघं पाळीवर बसली, पाण्याकडे पाठ करून. त्यानं तिचा हात घट्ट धरला होता. जंगलात पान हलत नव्हतं. घागर बुडाली… मग जोडवी वाजली. एक पायरी, दुसरी, तिसरी. रोजच्यासारखी ती बाडीकडे वळली नाहीत. दोघांच्या पाठीशी येऊन थांबली. आईच्या केसांतल्या करंजीच्या तेलाचा वास आला.

कुंता वळणार, तोच केवळराम पुटपुटला, "नको वळू. वळली त अडवल्यासारखं होईन."

ती समोरच्या सागांकडे बघतच म्हणाली, "आई… तुहं बी याच्याच घरी नेईन मी."

दोघांच्या डोक्यांवर पाणी पडलं. गार, ओंजळभर. वर पाहिलं तर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. जोडव्यांचा आवाज दूर जात होता, यावेळी जंगलाच्या दिशेनं.

दुपारी पाऊस आला आणि दोन दिवस थांबला नाही. त्यानंतर बाडी कोणी शिंपली नाही.

वैशाखात कुंता केवळरामच्या घरी गेली ती वालानं भरलेला तुंबा घेऊन. पुढं शेवटची मूठ तिनं कधीच पेरली नाही. पेरणीच्या दिवसांत ती तुंबा हलवून बघते, आत बी जोडव्यांसारखं खुळखुळतं, आणि केवळराम हातातलं काम टाकून पाठ करून बसतो.