पाठीमागचा बाण

मागे न बघता उलट्या पावली चालणारी माणसं दोनच ठिकाणी सापडतात. एक राजाच्या दरबारात आणि दुसरं चित्रांच्या संग्रहालयात. ती त्या दिवशी अशीच चालत होती. भिंतीवर स्वतः लिहिलेली पाटी चिकटवून, ती किती लांबून वाचता येते ते बघत एक एक पाऊल मागे, अजून एक मागे... आणि पाठीला काहीतरी टेकलं. तिने चाचपडत हात मागे नेला. हाताला लाकडाची चौकट लागली, आणि चौकटीवरची कुणाची तरी बोटं.

"हात लावू नये," कानाशी कुणीतरी गंभीरपणे म्हणालं.

ती गर्रकन वळली. मोठंसं चित्र छातीशी धरून एक उंच माणूस उभा होता. कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशातून लोंबणारा दोरा आणि चेहरा असा साळसूद, की जणू बोललं ते चित्रच. हसू फक्त डोळ्यांत होतं, तेही दडवलेलं.

तर हा ओळंबा. संग्रहालयात चित्रं टांगायचं काम याचं. खिशातल्या दोऱ्याच्या टोकाला पितळी वजन असे आणि ते सोडून रेघ सरळ आहे की नाही हे बघितल्याशिवाय हा गडी भिंतीला खिळा लावत नसे. म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. स्वभावानेही तसाच, नाकासमोर चालणारा. चित्रांखालच्या ओळी लिहायचं काम तिचं, म्हणून ती पाटीवाली. हे नाव तिच्या आईला मुळीच पसंत नव्हतं. लोकांना वाटेल पोरगी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकते, असं तिचं म्हणणं. त्यावर आईची दुसरी शंका अशी, की चित्र बघून कळत असेल तर खाली लिहायचं कशाला, आणि कळत नसेल तर काढायचं कशाला?

पण या पाट्यांवर तिचं सगळं अडलेलं होतं. नेमणूक सहा महिन्यांची. वरच्या मजल्यावर नव्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागणार होतं, त्यातल्या पाट्या जमल्या तर कायमची नोकरी, नाहीतर नमस्कार. संग्रहालय चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. याआधी दोन नोकऱ्या तिच्या हातून निसटल्या होत्या. घरी दादा-वहिनी त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, आणि तेच तिला जास्त लागे.

त्या दिवशी ओळंब्याने चित्र खाली ठेवलं आणि तिची पाटी वाचली. सावकाश, ओठ हलवत, शेवटपर्यंत. पाटीत 'अवकाशाचं विघटन' होतं, 'रूपाचा नकार' होता, झालंच तर 'संवेदनांचा अंतर्विरोध'ही होता.

"कशी वाटली?" तिने विचारलं. विचारायला नको होतं.

"छान आहे. यातलं मला 'आणि' तेवढं कळलं."

इतका राग तिला कधी आला नव्हता. घरी जाईपर्यंत ती मनातल्या मनात त्याला सुनावत राहिली. चार खिळे ठोकणाऱ्याने आपल्याला शिकवावं! पण गंमत बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन तिने ती पाटी काढली आणि नवी लिहिली. छोटी, साधी, आईला फोनवर वाचून दाखवता येईल अशी. ओळंबा आला, त्याने वाचली, मग चित्राकडे बघितलं, मग पुन्हा पाटीकडे, मग पुन्हा चित्राकडे. चित्राकडे तो पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिला, आणि तिला कळलं, की पाटीने हेच करायचं असतं.

तेव्हापासून पाटी छापायला जायच्या आधी ती पहिली त्यालाच वाचून दाखवू लागली. इमारतीमागच्या गोदामात, चहाच्या वेळी. तोही तिला त्याची विद्या शिकवू लागला. त्याची विद्या एका वाक्याची होती, चित्र आधी पाठीमागून बघायचं. पुढून ते नटलेलं असतं, पाठीमागून खरं बोलतं. कुणी दिलं, कुठे कुठे फिरलं, कुठे पाणी लागलं, वरची बाजू कुठली, सगळं मागे. नवीन चित्र आलं की तो मागच्या लाकडावर पेन्सिलीने वर जाणारा बारीक बाण काढी, शेजारी तारीख घाली. हल्लीच्या चित्रांना बाण हवाच, तो म्हणे, नाहीतर डोकं कुठं नि पाय कुठं?

ही खोड त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की हातात पाकीट दिलं तरी आधी उलटं करून बघायचा. बशीसुद्धा. एकदा तिने त्याला बिस्किटाची मागची बाजू बघताना पकडलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. वर काचेच्या छपरावर पाऊस वाजत होता. त्याने पाण्याचा पेला पुढे केला... आणि पेला तिच्या हातात गेल्यावरही त्याचा हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग दोघांनाही एकदम खूप काम आठवलं.

खाली मुंडी अन् पाताळ धुंडी म्हणतात, तसा हा माणूस आहे, असं तिने वहिनीला सांगितलं. वहिनीने विचारलं, कोण माणूस? मग विषय बदलावा लागला. पण दोघांत अजून 'तुम्ही'च होतं. 'तुम्ही चहा घेतला?' 'तुम्ही छत्री आणली?' एवढ्या जवळ येऊनही ते 'तुम्ही' मध्ये स्टूल टाकून बसलं होतं, आणि स्टूल आधी कुणी हलवायचं ते ठरत नव्हतं.

प्रदर्शनातलं शेवटचं चित्र फार उशिरा आलं. चित्रकार हयात नव्हता, चित्र त्याच्या धाकट्या बहिणीकडे होतं. माणसाएवढं उंच, सगळं राखाडी, आणि एका कडेला आडवी, बारीक पिवळी रेघ. नाव नाही, पुढून सही नाही. पाटी तिने आलेल्या फोटोवरून लिहिली होती, 'वरच्या कडेची पिवळी रेघ म्हणजे मावळत्या दिवसाचा शेवटचा उजेड.' मोठ्या बाईंनी वाचून मान डोलावली होती. पाटी छापून भिंतीला लागलीसुद्धा, आणि चित्र आलं प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, ती घरी गेल्यावर.

सकाळी येऊन बघते तर चित्र जागेवर. पिवळी रेघ वर, पाटी खाली, सगळं जमून आलेलं. ती आनंदाने ओळंब्याला शोधत गेली. पण आज त्याचं काहीतरी बिनसलं होतं. नजरेला नजर देईना. चहा निवून गेला तरी हात लावला नाही. दमला असेल बिचारा, तिला वाटलं.

दहा वाजता दारं उघडली. सुरुवातीला बरं चाललं होतं. लोक पाट्या वाचत होते, चित्रांकडे पुन्हा वळत होते, आणि तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. मग अकराच्या सुमाराला पांढऱ्या केसांच्या एक बाई काठी टेकत आल्या. त्या राखाडी चित्रासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी मोठ्या बाईंना जवळ बोलावलं आणि अगदी हळू, कुणाचा अपमान होऊ नये अशा बेताने सांगितलं.

"दादाचं चित्र उलटं लागलंय."

पाटीवालीची नजर आधी आपल्या पाटीवर गेली. मोठ्या बाईंनी ओळंब्याला हाक मारली. वीस वर्षं पाव इंचाचीही चूक न करणारा माणूस समोर येऊन उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "माझी चूक. घाईत झालं."

मोठ्या बाई चिडून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या नुसत्या शांत होत, आणि ते जास्त वाईट. आत्ता चित्र सरळ करा, त्या म्हणाल्या, आणि यापुढे बाहेरून आणलेल्या चित्रांना तुम्ही हात लावायचा नाही. दालनाचं दार लोटून घेतलं गेलं. आत राहिला ओळंबा, आणि दुसरं टोक धरायला पाटीवाली.

दोघांनी मिळून चित्र उतरवलं, भिंतीकडे तोंड करून टेकवलं. आता पाठ समोर आली. तिने बघितली, त्याच्याच शिकवणीप्रमाणे. लाकडावर फिकट निळ्या रंगातला जुना बाण होता, चित्रकाराच्या हातचा. आणि त्याच्या शेजारी, त्याच दिशेला, पेन्सिलीचा बारीक बाण. शेजारी कालची तारीख. टांगायच्या कड्या काढून दुसऱ्या टोकाला लावल्याची ताजी भोकंही होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हळू बोला."

"काल तुम्ही सरळच लावलं होतं... मग आज सकाळी फिरवलंत. का?"

तो कडीचा स्क्रू काढत राहिला. "पाटी लागून गेली होती. पाटीवर 'वरच्या कडेची' लिहिलेलं. चित्र फिरवता येतं, छापलेली पाटी नाही फिरवता येत. आणि तुमची नोकरी पाटीवर आहे."

"पण तुम्ही? तुम्ही तर ओळंबा आहात!"

"म्हणून तर कुणाला संशय आला नसता." तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसला, पण ते हसू टिकलं नाही.

मला विचारायचं तरी, ती म्हणाली. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगून मोकळ्या झाल्या असत्या, असं तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

ती तिथेच उभी राहिली. काहीच करायचं नव्हतं तिला. गप्प बसायचं, एवढंच. फार तर घाईने एक शब्द बदलायचा, 'वरच्या'चं 'खालच्या' करायचं, आणि नोकरी खिशात. तिसरी नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवायचं हेही तिला माहीत होतं. पण या माणसाने सगळा जन्म रेघ सरळ धरण्यात घालवला होता, आणि आज तिच्यासाठी ती वाकडी केली होती. त्याच्या पाठीवर आपली चूक ठेवून रोज त्याच्याबरोबर चहा कसा प्यायचा? घोटभरही गेला नसता.

मोठ्या बाई आपल्या खोलीत त्या आजींना चहा देत होत्या. ती आत गेली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की ओळंब्यांनी कालच चित्र सरळ लावलं होतं. चूक पाटीची आहे, म्हणजे माझी. मी नुसत्या फोटोवर लिहिलं, तो उलटा छापलेला होता, आणि चित्र यायची वाट बघितली नाही. माझी चूक झाकायला त्यांनी ते फिरवलं. पाठीमागे त्यांचा बाण आहे, बघून घ्या.

मोठ्या बाई शांत झाल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"फोटो मीही बघितला होता," त्या म्हणाल्या. "आणि पाटीवर सही माझी आहे."

आजी मात्र हसू लागल्या होत्या. म्हणाल्या, दादा असता तर खूश झाला असता, त्याला कधी कुणी चित्राचा अर्थ विचारला तर तो खांदे उडवायचा. मला विचाराल तर ते दार आहे. लहानपणी आमचे बाबा आजारी होते. आम्ही दोघं अंधाऱ्या बोळात बसून त्यांच्या दाराखालचा उजेड बघायचो. उजेड आहे म्हणजे ते जागे आहेत, एवढंच आम्हाला कळायचं. आता हे खरं की माझं आपलं... कुणास ठाऊक.

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि पाटीवालीला सांगितलं, अर्धा तास आहे, चाळीस शब्दांत बसवा.

तिने लिहिलं:

'हे चित्र आज सकाळी काही वेळ उलटं टांगलेलं होतं. तेव्हा आम्हाला त्यात मावळतं आकाश दिसलं. चित्रकाराच्या बहिणीला मात्र बंद दाराखालून येणारा उजेड दिसतो. चित्रकार काही बोलले नव्हते. जरा मान वाकडी करून बघा. तुम्हाला काय दिसतं?'

दुपारभर त्या चित्रासमोर गर्दी हटेना. लोक माना वाकड्या करत होते, एकमेकांशी वाद घालत होते, एक आजोबा तर पार वाकून बघत होते आणि त्यांची नात त्यांना मागून धरून होती. मोठ्या बाई लांब उभ्या राहून हे बघत होत्या. जाता जाता त्यांनी पाटीवालीला सांगितलं, की सोमवारी सहीला या, कागद तयार ठेवते. आणि ओळंब्याला सांगा, पुन्हा न विचारता कडी फिरवली तर बघून घेईन. चित्रं त्यालाच लावायची आहेत.

तिचा जीव भांड्यात पडला. पण एक काम राहिलं होतं. पाटी पस्तीस शब्दांत आटोपली होती, चाळीसातले पाच शब्द शिल्लक होते. तिने कोरं कार्ड घेतलं, पुढच्या बाजूला नीट अक्षरात लिहिलं, 'ओळंबा. माध्यम: लाकूड, पितळ आणि एकच खोटं. उंची: सहा फूट.' मग कार्ड उलटं केलं, मागे पाच शब्द लिहिले, आणि विचार बदलायच्या आत गोदामात गेली.

तो पेटीत अवजारं भरत होता. तिने कार्ड पुढे केलं. त्याने ते घेतलं, आणि सवयीप्रमाणे आधी उलटं केलं.

मागे लिहिलं होतं, 'चूक माझी. तूही माझा हो.'

त्याने ते ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले. वर पावसाची बारीक सर छपरावरून निघून गेली, तरी तो कार्डाकडेच बघत राहिला, आणि तिला वाटलं, संपलं... स्टूल हलवायला गेलो आणि आपणच पडलो.

मग त्याने कानावरची पेन्सिल काढली. त्या पाच शब्दांच्या शेजारी, अगदी जपून, वर जाणारा एक बारीक बाण काढला. खाली आजची तारीख घातली. कार्ड खिशात ठेवलं, पितळी ओळंब्याच्या जवळ.

"म्हणजे कुणी उलटं लावायला नको," तो म्हणाला. "चल, छत्री एकच आहे. तू भिजशील."