आत्याचा चिमटा

ड्रिलचं टोक भिंतीतून पलीकडे निघालं, ते थेट चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यातून. तक्त्यासमोर एक आजोबा एक डोळा झाकून बसले होते. "शेवटच्या ओळीत काय दिसतंय?" असं चष्मेवाल्याने विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "काहीतरी गरागरा फिरतंय."

ड्रिल चालवणारी बाहेरून धावतच आत आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, नाकावर विटेची धूळ आणि चेहरा रडवेला. गल्लीत सगळे तिला फायबरवाली म्हणत. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारा काढून घरोघरी काचेची बारीक तार, म्हणजे फायबर टाकायचं हे तिचं काम. खिडक्या होत्या दोन, आणि बाहेरून माप घेताना तिने भलतीच खिडकी धरून मोजलं होतं.

"माझीच चूक. तक्ता मी नवीन आणून देते," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने भोकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि नजर पटकन परत भोकाकडे नेली.

"राहू द्या. ती ओळ तशीही कुणाला वाचता येत नव्हती."

हसावं की नाही, तिला कळेना. तोही हसला नाही. फक्त त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारा माणूस आपल्या डोळ्यांकडे मात्र बघत नाही, हे तिच्या तिथेच लक्षात आलं.

दुकान खाली, घर वर. घरात तो आणि त्याला लहानाचा मोठा केलेली आत्या. आत्याने त्याच भोकातून नवी तार वर लावून घेतली, पण कोपऱ्यातल्या जुन्या फोनवर हात ठेवून उभी राहिली.

"याला हात लावायचा नाही हं. वीज गेली तरी हा बोलतो."

"आत्या, महिनाअखेर गल्लीतली तांब्याची लाइन बंदच होणार आहे."

"मग महिनाअखेर बघू!"

आठवडा झाला नाही तोच पहिली तक्रार आली, इंटरनेट बंद. वर जाऊन बघते तर स्टुलाचा पाय तारेवर बसलेला. तिने तार सोडवली आणि आत्याला समजावलं, "ही विजेची तार नाही, आत्या. हिच्यातून उजेड जातो. घडी पडली की उजेड बाहेर गळतो आणि सगळं ठप्प होतं. मोकळी केली की झालं."

"असं होय," आत्या म्हणाली. एवढं मन लावून तिचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या तक्रारीला ती पोचेपर्यंत सगळं आपोआप सुरू झालेलं. आत्याने चहा टाकला होताच. तिला डोळे चोळताना पाहून चष्मेवाला अडखळत म्हणाला, "केसाएवढ्या काचा जोडता तुम्ही… डोळे तपासलेत कधी?"

मग खाली दुकानात ती खुर्चीत बसली. बाहेर बारीक पाऊस पडत होता, भोकातून निघालेल्या तारेवर थेंब लोंबत होते. त्याने तिच्या डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम बसवली. बोटं कानाला लागू नयेत म्हणून त्याची चाललेली कसरत तिला कळत होती, आणि आवडतही होती.

"शेवटच्या ओळीत काय दिसतंय?"

"भोक."

"त्याच्या शेजारी?"

"माझी अक्कल."

या वेळी तो हसला. मग एक काच घातली, काढली, पुन्हा घातली. "ही बरी… की ही?"

"पुन्हा दाखवा." तिने नीट पाहिलं. "दोन्ही सारख्याच वाटतात हो."

"सारख्याच आहेत," तो हळूच म्हणाला. "तपासणी तर मघाशीच संपली."

त्या दिवशी ती जिना नसतानाही दोन-दोन पायऱ्या उतराव्यात तशी रस्त्याने चालली.

पण तिसरी तक्रार आली तेव्हा ती निघायच्या आधीच कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. "एकाच घरातून तिसऱ्यांदा? जोडणी नीट करतेस की नाही?" इथलं काम आटोपलं की सगळी टोळी पुढच्या गावाला जाणार होती, देखभालीसाठी एकालाच इथे कायम ठेवणार होते. भाड्याच्या खोल्या आणि बांधलेली बॅग यांना ती कंटाळली होती. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून. आणि तक्रारींचा डाग नेमका तिच्याच नावावर पडत होता.

ती तणतणत जिना चढली. पडदे ओढले, खोलीत अंधार केला आणि तारेच्या टोकाला लाल उजेडाची छोटी टॉर्च लावली. तार जिथे दुमडली असेल तिथून उजेड बाहेर फुटतो. कपड्यांच्या स्टँडमागे एक लाल ठिपका चमकला. तार दुमडून तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता. चांगला घट्ट.

"हे कुणी केलं?"

स्वयंपाकघरात एकदम भांडी वाजायला लागली. चष्मेवाल्याने चिमट्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"मी."

"तुम्ही?" तिने चिमटा ओढून काढला. "गंमत वाटली तुम्हाला? माझी नोकरी आहे ही! हौस म्हणून नाही मी शिड्या चढत."

"माझं ऐका…"

"काही ऐकायचं नाही मला."

तिने चिमटा खिशात कोंबला आणि ती निघून गेली. तिचा नवा चष्मा खाली काउंटरवर तयार होता. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. राग त्याचा होताच, पण जास्त स्वतःचा होता. कारण 'लाइन बंद' हा निरोप आला की सगळ्यात आधी केस नीट करणारी तीच होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा पुन्हा फोन. आवाज कधी नव्हे तो मऊ. "अगं, तो चष्मेवाला येऊन बसला होता. चूक आमच्या घरची, तुझ्या नावावर एकही तक्रार राहता कामा नये म्हणाला. ऐकेचना! काढल्या बाबा तिन्ही. जाताना माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय हेही सांगून गेला. आणि हो, इथली जागा तुझीच. राहायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत कळव."

तो तांब्याच्या लाइनचाही शेवटचा दिवस होता. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कपाट उघडून ती एकेक जुनी तार कापत होती. तारांच्या जोड्या कमी होत गेल्या, शेवटी एकच उरली. कात्री तिच्यावर टेकवली आणि खिशातला मोबाइल वाजला. मागे खरखर, म्हणजे तांब्याचीच लाइन.

"पोरी, इंटरनेटच्या खोक्यावर तू चिकटवलेला नंबर बघून लावलाय. चालू आहे ना हा अजून?"

"आहे, आत्या. आता कापणारच होते."

"मग आधी ऐक. चिमटा माझा. तूच सांगितलंस ना घडी पडली की सगळं ठप्प होतं? म्हटलं, बंद पडलं की पोरगी येते, पोरगी आली की आमचं ध्यान दोन शब्द बोलतं. तुझ्या नोकरीवर येईल हे डोक्यातच नाही आलं गं. चुकलं माझं."

"पण… ते तर म्हणाले, मीच लावला."

"तो? चिमटा लावायची हिंमत असती त्याच्यात, तर मला कशाला लावावा लागला असता?"

कपाटात डोकं घालून ती एवढी हसली की रस्त्यावरची दोन माणसं थबकली. हसता हसता डोळे भरून आले.

"आणि ऐक, तो स्वतःच्या तोंडाने बोलेपर्यंत माझी तार कापायची नाही. सांगून ठेवते."

तिने कात्री मिटली आणि चालू लागली.

दुकानात कुणी नव्हतं. तो तिचाच चष्मा पुसत बसला होता. तिला पाहून उठला, तर खुर्ची पडली.

"साहेबांकडे जाऊन आलात?"

"हो."

"आणि आत्यांचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतलंत."

त्याने मान खाली घातली. "ती म्हातारी आहे हो. मला वाटलं, मला बोलाल आणि विसराल…"

"विसरले नाही. बरं, आता काही तक्रार आहे का या घराची? शेवटचं विचारते."

त्याने हातातला चष्मा उलटसुलट केला. मग त्याने वर पाहिलं. भोकाकडे नाही, सरळ तिच्या डोळ्यांत.

"आहे. एकच आहे… लाइन बिघडल्याशिवाय तुम्ही येत नाही. मला तुम्ही रोज यायला हव्या आहात. सगळं नीट चालू असतानासुद्धा. मला तुम्ही… फार आवडता."

तिने त्याच्या हातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि त्याला नीट न्याहाळलं.

"अगं बाई! कान किती लाल होतात तुमचे!"

"पुढच्या गावाला… कधी निघणार?"

"नाही निघणार. इथली जागा मिळालीय मला. साहेबांना फक्त हो कळवायचंय." तिने खिशातून चिमटा काढून त्याच्या तळहातावर ठेवला, आणि हात तिथेच राहू दिला. "आणि तुम्हालाही."

वरून जिन्यात चपला वाजल्या.

"बोलला का गं?"

"बोलले, आत्या!"

"मग ये वर, चहा घे," आत्या म्हणाली. "आणि काप आता माझी तार."