पाटीवरचा श्रावण

'ध्रुवा' यान गुरूकडून परतीच्या वाटेवर होते. जागी माणसे दोनच होती, संगणकतज्ज्ञ निरुपमा काळसेकर आणि डॉक्टर इस्माईल दळवी. बाकीचे शीतनिद्रेत होते. दोघांनीही साठी ओलांडली होती आणि एकमेकांचे सगळे किस्से त्यांना पाठ झाले होते.

त्या सकाळी दळवींनी साफसफाईसाठी एक शीतनिद्रापेटी बंद केली. पुसून पुन्हा सुरू करायला गेले, तर पेटीचा संगणक उठेना. पडदा काळाच राहिला. पेटीत दळवींची पत्नी शमीम होती.

"आतला गारवा संध्याकाळपर्यंत टिकेल," दळवी म्हणाले. "निरूताई, दुरुस्तीप्रत घाला आणि मोकळ्या व्हा."

"कुठली घालू? दोन आहेत."

या पेट्यांची कार्यप्रणाली नाशिकच्या एका गटाने लिहिली होती. आवृत्त्यांना ते आकडे न देता मराठी महिन्यांची नावे देत. आषाढानंतर श्रावण यायचा, पण त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला. गटाचे प्रमुख जोगळेकर पंचांगाला पक्के. त्यांनी आधी 'अधिक श्रावण' काढली, मग 'निज श्रावण'. यानावर दोन्हींच्या दुरुस्तीप्रती होत्या.

"अधिकातलं मला एवढंच ठाऊक, की जावयाला अनारसे मिळतात," दळवी म्हणाले. "शेजारच्या जोशांच्या जावयाचे मी खाल्लेत. फरक काय पडतो?"

"औषधांच्या मात्रांचा तक्ता पेटीत आहे तसाच राहतो, आणि दोन्हींत त्याची जागा वेगळी आहे. चुकीची प्रत घातली तर पेटी सुरू होईल, पण मात्रेच्या जागी भलताच आकडा वाचेल."

दळवी खाली बसले.

"पण या पेटीत निज आहे," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात पृथ्वीवरून नवी आवृत्ती आली तेव्हा मीच विचारलं होतं. पेटी म्हणाली, निज श्रावण."

"ते पेटी चालू असताना. आता तिला विचारता येत नाही, आणि तेच बरं आहे." निरुपमाबाई पूर्वी शाळेत शिकवत. घाईच्या वेळी त्यांचा आवाज आणखी सावकाश होई. "रस्त्यात कुणी बेशुद्ध पडलं तर आपण त्याला हलवून नाव विचारत बसतो का? खिसा तपासतो. तसं करू. पेटीतला स्मृतिफलक काढून माझ्या संगणकाला जोडू. तो फक्त वाचायचा, त्यावर अक्षरही लिहायचं नाही."

फलक निघायला वेळ लागला. पेच बारीक होते. अखेर फलक जोडला गेला आणि पडद्यावर नाव उमटले, 'निज श्रावण'.

"मी काय सांगत होतो."

"ही दारावरची पाटी झाली, दळवी. नवी आवृत्ती येते तेव्हा ती आधी पाटी बदलते, मग सामान आत आणते. त्या दिवशी पृथ्वीशी संपर्क मध्येच तुटला होता, आठवतं? सामान आलं की नाही, ते बघू."

त्यांनी आतल्या आज्ञावलीची मुख्य संहिता उघडली आणि तिच्या पहिल्याच ओळीवर थांबल्या. ओळ कोरी होती.

"जोगळेकर प्रत्येक संहितेच्या डोक्यावर 'श्री' लिहीत," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या हाताखाली होते. एकदाच लिहिलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, अधिकात श्रीगणेशा करायचा नसतो."

"म्हणजे आत अधिक आहे."

"हो. बाहेर निजाची पाटी. सुरू होताना यंत्र पाटी वाचतं आणि निजाचं सामान शोधतं. ते सापडत नाही, म्हणून उठत नाही."

"नक्की ना? एका श्रीवर तिचा जीव ठेवायचा?"

"नाही ठेवायचा." त्यांनी मात्रांचा तक्ता शोधून दाखवला. तो अधिकाच्या जागी होता. दळवींनी आकडे स्वतः दोनदा वाचले, मग मान हलवली.

पाटी खरवडून अधिकाची प्रत घालेपर्यंत निम्मा दिवस गेला. पेटी गुरगुरली. शमीमच्या हृदयाच्या ठोक्यांची रेषा पडद्यावर पूर्वीसारखी संथ चालू लागली. दळवींनी काचेवर हात ठेवला.

"उठली की मला बोलणार," ते म्हणाले. "तुम्हाला एक पेटी पुसता येत नाही म्हणून."

निरुपमाबाई हसल्या नाहीत.

"मग महिनाभर ती चालली कशी?" त्यांनी स्वतःलाच विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. "चालूच होती म्हणून. जागं यंत्र पुन्हा दाराशी जात नाही. आतल्या आत अधिकावर चालत राहतं. नाव विचारलं की पाटी वाचून दाखवतं, आणि चालू असताना फलक काढून आपल्याला त्याच्या आत बघता येत नाही." त्या वळल्या. "दळवी, आज साफसफाईची पाळी आणखी कुणाची आहे?"

"प्राणयंत्राची. तुम्ही फलक काढत होतात म्हणून राहून गेली."

यानातली सगळी हवा प्राणयंत्र शुद्ध करत असे. त्याची कार्यप्रणालीही पेट्यांचीच होती, आणि त्याच दिवशी, त्याच तुटलेल्या संपर्कातून त्यालाही नवी आवृत्ती आली होती.

"विचारून बघू?"

"विचारा."

दळवींनी भिंतीवरची कळ दाबली. 'निज श्रावण', यंत्राने शांतपणे सांगितले.

"खरंही असेल," दळवी म्हणाले.

"असेल. बंद केल्याशिवाय कळणार नाही. आणि खोटं निघालं तर दुरुस्तीला निम्मा दिवस लागतो. हवा तेवढी पुरत नाही."

पृथ्वी अजून चौदा महिने दूर होती. प्राणयंत्राच्या पंख्याची घरघर दोघे ऐकत राहिले. इतके दिवस त्यांना तिचा कंटाळा आला होता.

दळवींनी एक कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'बंद करू नये' लिहिले आणि तो प्राणयंत्र बंद करायच्या कळीवर चिकटवला. पेन अजून हातातच होते.

"वर श्री लिहू?"

"नको," निरुपमाबाई म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत अधिकच समजा."