मधल्या भिंतीतला पाइप

दार ओढून घ्या आणि असे जवळ सरका. मोबाइल पालथे ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुजरली तो घड्याळजी माझ्या रोजच्या बैठकीतला. त्याने ती एकदाच सांगितली, माझं मनगट घट्ट धरून.

घड्याळजी हाताने मोठा कारागीर आणि मनाने तेवढाच कोता. थोरल्या भावाशी अकरा वर्षं अबोला. घराच्या मधोमध भिंत घातलेली. अलीकडे हा आणि बायको, पलीकडे थोरला एकटा. दोघांची सिंकं त्या एकाच भिंतीला टेकलेली आणि दोन्हींचं पाणी भिंतीतल्या एकाच पाइपात. वाटणीत चमचेसुद्धा मोजून घेतले, पाइप तेवढा राहिला.

मी सांगतोय त्या रात्रीच्या सात महिने आधी थोरला गेला. सिंक तुंबलेलं, म्हणून खरकट्या पाण्याची बादली घेऊन मागच्या पायऱ्या उतरत होता. चौथ्या पायरीवर घसरला.

सिंक कशाने तुंबलं, ते फक्त घड्याळजीला माहीत होतं. थोरल्याचं साबणाचं पाणी आपल्या सिंकमध्ये वर येतं म्हणून एका दुपारी त्याने आपली जुनी बनियन तारेने ढकलून पलीकडच्या फाट्यात गच्च बसवली होती. काखेत बायकोने हिरव्या दोऱ्याने शिवलेली बनियन. ती बिचारी आठवडाभर शोधत होती.

आता बोळा घसरला असावा, कारण याचंच सिंक तुंबायला लागलं. भांडी घासली की पाणी तासभर हलायचं नाही.

"उद्या सकाळी प्लंबर येतोय," बायको म्हणाली.

"घरात माणूस असताना प्लंबर कशाला?"

"माणूस बघतो बघतो म्हणतोय, त्याला महिना झाला."

हसा, हसा. त्याला मात्र सकाळच्या आत तो बोळा काढायलाच हवा होता. थोरला गेला तेव्हा ती सख्खा भाऊ गेल्यासारखी रडली होती. प्लंबरने बनियन बाहेर काढली, तिने हिरवा दोरा पाहिला, की संपलं. ती या घरात एक दिवस राहिली नसती.

ती झोपल्यावर तो उठला. मंगळवार, सतरा नोव्हेंबर, रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं. घड्याळजीच्या घरातलं घड्याळ, चुकायचं नाही. त्याने सिंकखाली बादली ठेवली, पान्याने वाकडा पाइप सोडवला. घाण पाणी बादलीत आलं. मग पठ्ठ्याने काय करावं? सवयीने बादली उचलली आणि त्याच सिंकमध्ये ओतली. खाली पाइप होता कुठे? सगळं त्याच्याच पायांवर. स्वतःला शिव्या घालत तो फडकं घ्यायला वाकला.

पाणी थांबलं नाही.

सिंक रिकामं होतं. बादली रिकामी होती. पाणी भिंतीतल्या उघड्या तोंडातून येत होतं. थोडंथोडं. साबणाचं... आणि कोमट.

पलीकडे कुलूप होतं. तिकडचा नळ केव्हाच तोडलेला. किल्ली बायकोच्या कपाटात.

भीती वाटली त्याला. पण सकाळची भीती मोठी होती. त्याने तारेला आकडा केला आणि आत सारली. हातभर. दीड हात. अडकली. हळूहळू ओढली तसं एक बुळबुळीत टोक बाहेर आलं. हिरवा दोरा.

त्याने दोन्ही हातांनी धरून ओढलं.

पलीकडूनही ओढलं.

सावकाश. घट्ट. कपडा पिळताना धरतात तसं.

"दादा," तो म्हणाला. अकरा वर्षांनी.

पकड तशीच.

"दादा, चुकलं माझं. सोड."

पलीकडे बादलीची कडी वाजली.

मग एकच हिसका. त्याचं कपाळ भिंतीवर आदळलं. हात रिकामे. आणि मागच्या बाजूला पावलं. जड. एक पायरी... दुसरी... तिसरी...

चौथी वाजलीच नाही. तो उजाडेपर्यंत ऐकत बसला होता.

सकाळी सिंकमधलं पाणी सुसाट जात होतं. कपाळाचं टेंगूळ पाहून बायको हसली, म्हणाली, "जमलं की हो तुम्हाला." घड्याळजीला वाटलं, सुटलो. बनियन वाहून गेली असेल. पण प्लंबर दारात आलाच होता. तो म्हणाला, "जोडपाइप आहे वहिनी, पलीकडचंही बघून घेतो." बायकोने किल्ली काढली. घड्याळजीला नको म्हणायला कारण सुचेना.

कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. आत जमिनीवर सात महिन्यांची धूळ, पावलाचा एक ठसा नाही. आणि सिंकवरच्या दोरीवर बनियन वाळत घातलेली. स्वच्छ धुतलेली, पिळलेली, चिमटा लावलेली. काख दाराकडे.

बायकोने हिरवा दोरा पाहिला, मग नवऱ्याचं टेंगूळ, आणि थोरल्याचं सिंक कशाने तुंबलं होतं ते तिला कळलं. किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि दुपारी बॅग घेऊन निघून गेली.

याला दोन वर्षं झाली. ती काही परतली नाही. बनियन दोरीवरून काढायची त्याची अजून हिंमत होत नाही. गेल्या रविवारी त्याने मला तिथे नेलं. भर दुपार होती, खिडकीतून कडक ऊन आत येत होतं. मी हात लावून पाहिला.

ओली होती.