भुऱ्याला कोणी मारलं?

"अहो, काच वाजवू नका!"

ती इतक्या जोरात ओरडली की काचेपलीकडचा गोरिलासुद्धा दचकला. काच वाजवणारा मात्र दचकला नाही. त्याने वळून पाहिलं आणि चक्क हसला. तेच तिच्या डोक्यात गेलं.

दर रविवारी सकाळी ती प्राणिसंग्रहालयात यायची आणि मांडीवर वही घेऊन त्या म्हाताऱ्या गोरिलाची चित्रं काढायची. आज तासभर ताटकळल्यावर स्वारी पाठमोरी बसून खांदा खाजवायला लागली होती, आणि नेमका हा माणूस मध्ये कडमडला. बाहेरच्या भुरभुरीत भिजलेले केस, चष्म्यावर थेंब… आणि ते हसू.

"माकड तुमच्या ओळखीचं दिसतंय," तो म्हणाला.

"माकड नाही, गोरिला आहे. शेपूट दिसतेय का कुठे?"

त्याने चष्मा पुसला, वाकून नीट पाहिलं. "नाही दिसत. माफ करा हं. आधी तुमच्याकडे पाहिलं, त्यामुळे तिकडचं पाहायचं राहूनच गेलं."

"आता दोन्हीकडचं पाहून झालं असेल तर निघा!"

तो निघाला. उरलेला वेळ ती नुसती खोडरबर घासत बसली, कारण रागाने एकही रेघ धड येईना. निदान तिची समजूत तरी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचली, तर तोच माणूस तिच्या समोरच्या टेबलावर पेन्सिलीला टोक करत बसलेला!

चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दर महिन्याला 'रानगडी' या चित्रकथेचा अंक तयार होई. जंगलात गोरिलांच्या कळपात वाढलेला रानगडी, आणि त्याच्याबरोबरच लहानाचा मोठा झालेला त्याचा जिवाभावाचा गोरिला भुऱ्या, अशी ही जोडी. गोष्टी मालक स्वतः लिहायचे. चित्रं पूर्वीपासून मास्तरांची, पण गेली सहा वर्षं भुऱ्या तिच्याकडे होता. मास्तरांचा हात कापायला लागला, त्यांनी घरी बसायचं ठरवलं, आणि रानगडी काढायला मालकांनी हा नवा आणला. हिला एका शब्दाने विचारलं नाही. तिथली मंडळी तिला पाठीमागे 'लवंगी' म्हणत, ते उगाच नव्हे. त्या दिवशी लवंगीने दुपारपर्यंत तीन पेन्सिली मोडल्या.

कामाची एक रीत ठरलेली होती. माणूस आधी. रानगडी शाईने पुरा व्हायचा, भुऱ्याच्या जागी कागद कोरा सोडलेला असायचा, आणि त्या पांढऱ्या जागेत ती मागाहून भुऱ्या बसवायची. नव्याचं पहिलंच पान हातात आलं आणि ती ताडकन उठली.

"हा हात कोणाचा?"

"रानगडीचा. भुऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला."

"ठेवलेला? तापल्या तव्यावर ठेवल्यासारखा ठेवलाय! आपल्या माणसाच्या खांद्यावर कोणी असा अधांतरी हात धरतं का हो?"

"मग कसा धरतात?" त्याने आपला खांदा तिच्यापुढे केला. "दाखवा ना…"

संवादाच्या फुग्यांमधली अक्षरं लिहिणारे काका तिकडे खोकले. ती इरेला पेटली होती. तिने थाडकन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असा! सगळं वजन टाकून!"

हात लगेच उचलायचा होता… तो दोन क्षण तिथेच राहिला. नवा हसला नाही. "कळलं," एवढंच म्हणाला, अगदी हळू.

रात्रीच्या जेवणाला धाकट्या बहिणीने बोटं मोजली. "ताई, आल्यापासून 'तो' हा शब्द तू सतरा वेळा उच्चारलास."

"शिव्या देताना माणसाचा उल्लेख करावाच लागतो," ती फणकारली.

मग रोजचंच झालं ते. तो पान द्यायचा, ती चुका काढायची, तो हसायचा, तिचं पित्त खवळायचं. कोऱ्या सोडलेल्या जागेत तो बारीक पेन्सिलीने लिहून ठेवी – 'इथे आपला गोरिला. शेपूट नको.' कधी – 'आज निळा रंग छान दिसतोय. गोरिलाला नव्हे.' ती ते खसाखसा खोडून टाकायची. दोनदा वाचून झाल्यावर.

त्याचं हे कायमचं हसणं तिला सर्वांत जास्त खुपायचं. ज्याला कशाचा रागच येत नाही, त्याला कशाची चाड तरी काय असणार? अशा माणसात जीव गुंतवण्यात काय अर्थ आहे, असं ती स्वतःला बजावत होती. म्हणजे जीव गुंतला होता.

आणि एका गुरुवारी ते पान आलं. रानगडी गुडघ्यांवर बसलेला, ओंजळीत धरावं तसे हात पुढे केलेले, गालावर एक ठळक अश्रू. पुढ्यात भली मोठी कोरी जागा. सोबत मालकांचा कागद – 'भुऱ्या मरतो.'

ती तडक मालकांच्या खोलीत शिरली. "हे काय आहे?"

"अगं, अंक खपत नाही. भुऱ्या मेला की पोरं रडतील, आया रडतील, बोलबाला होईल. तुला दुसरं काहीतरी देतो ना काढायला. कुत्रा वगैरे."

"कुत्रा?" तिचा आवाज चिरकला. सहा वर्षं भुऱ्याच्या कपाळावरची सुरकुती न् सुरकुती तिने वाढवली होती. तिने मालकांचा कागद मुठीत चुरगाळला. "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या नाही बुवा. तो नवा नोकरी मागायला आला तेव्हाच म्हणाला होता, पहिलं काम करा, भुऱ्याला मारा."

बाहेर येऊन तिने ते पान त्याच्या टेबलावर आपटलं. शाईची दौत हिंदकळली.

"तू? तू मारलंस त्याला?" अहो-जाहो कुठल्या कुठे उडून गेलं होतं. "रोज माझ्यासमोर बसून दात काढत होतास, चिठ्ठ्या लिहीत होतास, आणि पहिल्या दिवसापासून मनात हे होतं? हस ना आता! हस!"

तो हसला नाही. तो उठला, आणि खुर्ची मागे कोसळली.

"हो, मारलं! खोटारडा आहे तुमचा भुऱ्या!" त्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "अकरा वर्षांचा होतो मी. दादा तापाने गेला, चार दिवसांत. आम्ही दोघं मिळून रानगडी वाचायचो. तो भुऱ्या व्हायचा, मी रानगडी. पाचव्या दिवशी अंक आला, त्यात भुऱ्या कड्यावरून खाली पडला. महिनाभर वाट पाहिली मी. आणि पुढच्या अंकात तो उठला! धूळ झटकून! मला वाटलं, म्हणजे दादापण… दारात बसून राहायचो मी. किती दिवस, ते विचारू नका. प्रत्येक वेळी उठतो तुमचा भुऱ्या. एकदा तरी त्याला खरं मरू द्या ना!"

काकांची लेखणी हवेतच राहिली. सहा वर्षांत मालकांच्या सांगण्यावरून तिने स्वतः भुऱ्याला नऊ वेळा उठवलं होतं, आणि कुठल्या दारात कोण बसून राहिलं असेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला स्वतःचाच संताप आला. आणि त्याचाही, इतके दिवस गप्प बसल्याबद्दल.

तिने ते पान पुन्हा उचललं. "हा अश्रू कसला? असे रडला होतात तुम्ही?"

"…नाही."

"मग?"

"कपाटाला लाथा घातल्या होत्या. फळी तुटेपर्यंत."

"आणि इथे हे काढलंत?" तिने पान टराटरा फाडलं. "नवा कागद घ्या. आज भुऱ्या आधी. मी काढते."

तिने काढला. कोऱ्या कागदाच्या मधोमध, आडवा, जड, डोळे मिटलेला. सुरकुत्या सगळ्या काढल्या, एकही सोडली नाही. नाक पुसायला मध्ये दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा "बघताय काय?" म्हणून खेकसली. मग सरकून तिने त्याला जागा करून दिली. त्याच कागदावर, तिच्या कोपराला कोपर लावून, त्याने रानगडी काढला. केसाळ छातीवर दोन्ही हात गच्च रुतलेले, मान वर, दात आवळलेले. आभाळाला जाब विचारणारा चेहरा. अश्रू कुठेच नव्हता.

मालकांनी येऊन मान वाकडी केली. "पोरं घाबरतील रे. एखादा थेंब तरी—"

"नाही!" दोघं एकदमच ओरडले. मालक आल्या पावली परत गेले.

खिडकीबाहेर पाऊस बारीक झाला होता. तो हातावरची शाई पुसत उभा होता, आणि चष्म्याआडचे डोळे लाल होते.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "खूप. त्या रविवारपासून."

"आत्ता?" ती उसळली. "आत्ता सांगताय हे? समोर भुऱ्या मरून पडलाय! त्याच्यावरची शाईसुद्धा अजून वाळलेली नाही!"

"मग… वाळेपर्यंत थांबू?"

तिने पानाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "थांबा."

दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. शाई वाळायला दहा मिनिटं लागतात. चौथ्याच मिनिटाला ती म्हणाली, "मलाही आवडतोस तू." आणि तेही इतक्या रागाने, की काका दचकून खोलीबाहेर निघून गेले.