पहिला संपर्क

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे आणि मी ती तिच्याच तोंडून तीनदा ऐकली आहे. तीनही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिखटमीठ लावून सांगायची खोड मला आहे, तिला नाही.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. रविवारची दुपार होती. बाहेर रणरणतं ऊन होतं. ठकूताई ऑफिसात एकटीच ड्युटीवर होती आणि डबा खाऊन जांभया देत बसली होती.

तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ठकू ती ठकूच. उंची बेताची, आवाज खणखणीत, आणि भित्री तर अजिबात नाही. लहानपणी आम्हाला माळ्यावर कोंडून भुताच्या गोष्टी सांगणारी हीच.

ती एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. एकटीदुकटी राहणारी म्हातारी माणसं गळ्यात एक बटण घालतात ना, पडलं-झडलं तर दाबायला... त्या बटणांची ही कंपनी. बटण दाबलं की निरोप सर्व्हरवर येतो. सर्व्हर तो वाचतो आणि त्या माणसाच्या जवळच्या कुणाला तरी आपोआप फोन लावतो. त्याला ते 'पहिला संपर्क' म्हणतात. त्याने उचलला नाही तर दुसऱ्याला फोन जातो. तोही उचलत नसेल तर कंपनीची गाडी निघते.

ठकूताईचं काम निरोप वाचण्याचं नाही. निरोप तुंबत नाहीत ना, एवढंच बघायचं.

प्रत्येक बटणाची सर्व्हरशी एक जोडणी असते, तिला सॉकेट म्हणतात. प्रत्येक सॉकेटला एक रिसीव्ह बफर असतो. म्हणजे दारावरची पत्रपेटीच म्हणा. बाहेरून पत्र पडतं, आतलं माणूस ते उचलतं. पेटीत पत्रं साठायला लागली तर समजायचं, आतलं माणूस उचलत नाहीये. ऑफिसात याला सगळे 'रांग' म्हणतात. सगळ्या रांगा शून्यावर असल्या की ठकूताई खूश.

त्या दुपारीही तिच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत शून्यं होती.

मग त्यातलं एक शून्य गेलं.

तिथं आलं... अठ्ठेचाळीस.

एक निरोप म्हणजे अठ्ठेचाळीस बाइट. कुणीतरी बटण दाबलं होतं, आणि सर्व्हरने ते वाचलं नव्हतं. असं क्वचित होतं. क्षणभर थांबलं की आकडा परत शून्यावर येतो.

ती थांबली.

शहाण्णव.

आता तिची झोप उडाली. सर्व्हर एखादी रांग वाचतच नाही, याचं एकच कारण असू शकतं. ते बटण बंद झालेलं असतं. माणूस गेलं किंवा घर बदललं की नोंद बंद करतात, आणि मग वाचणारा प्रोग्रॅम त्या बटणाकडे ढुंकूनही बघत नाही.

तिने बटणाचा नंबर काढला.

तो मावशीच्या बटणाचा होता.

मावशीला, म्हणजे ठकूताईच्या आईला जाऊन आठ महिने झाले होते. ती नोंद ठकूताईनेच बंद केली होती, डोळे पुसत पुसत. ते बटण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जावं हे तिला सहन होईना, म्हणून बॅटरी काढून तिने ते टेबलाच्या खणात ठेवलं होतं. समोरच्याच टेबलाच्या.

तिने खण उघडला.

बटण तिथंच होतं. दिवा बंद. बॅटरीची जागा रिकामी.

स्क्रीनवर एकशे चव्वेचाळीस.

तिने जोडणी तोडली. तोडली की साठलेलं सगळं पुसलं जातं, हा साधा नियम आहे. रांग गायब झाली. ठकूताईने सुस्कारा सोडला...

जोडणी परत हजर. आकडा एकशे ब्याण्णव.

शून्यापासून नाही. जिथे थांबला होता तिथून पुढे.

तेव्हा तिला पहिल्यांदा काकांची, म्हणजे तिच्या वडिलांची आठवण झाली. मावशी गेल्यापासून काका त्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. तिने घाईघाईने फोन लावला.

"बाबा, काय करताय?"

"काय करणार? मॅच बघतोय. आपली पोरं हरण्यात अगदी पटाईत झालीत. तू जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही बरे आहात ना?"

"ठणठणीत! का गं? आवाज असा का येतोय तुझा?"

टक.

फोनमधून आवाज आला. बारीकसा. प्लास्टिकचं बटण आत दबावं तसा.

स्क्रीनवरचा आकडा अठ्ठेचाळीसने वाढला.

"बाबा... तो आवाज कसला?"

"कसला? टीव्हीचा असेल."

"तुम्ही तुमचं बटण दाबताय का?"

"छे! गळ्यात लोंबतंय नुसतं. दाबलं असतं तर एव्हाना तुमची ती रेकॉर्ड केलेली बाई तुझ्याच फोनवर बोलायला लागली असती ना."

टक... टक.

शहाण्णवने वाढला.

"बाबा, घरात कोण आलंय?"

काका हसले. "रविवारी दुपारी माझ्याकडे कोण फिरकतंय? पोटची पोर फिरकत नाही."

एरवी हा टोमणा तिला चांगलाच झोंबला असता. त्या वेळी तिने काकांना दाराला कडी लावून बसायला सांगितलं आणि फोन ठेवला. मग तिने दाढीला फोन लावला.

दाढी म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो. हुशार माणूस. सुट्टीच्या दिवशी उठवलं म्हणून आधी थोडा करवादला, मग सगळं ऐकून घेतलं.

"ठकू, भुतं नेटवर्कवरून येत नाहीत. कुणीतरी नंबर चोरून चाळे करतंय."

"मग काय करू?"

"आत काय आहे ते वाचल्याशिवाय कळणार कसं? त्या बटणाची नोंद दोन मिनिटं चालू कर. प्रोग्रॅम रांग वाचेल, तू बघून घे, आणि परत बंद करून टाक. हाय काय नि नाय काय!"

सल्ला वावगा नव्हता. रांग तुंबली की मोकळी करायची, हेच तर ते लोक रोज करतात. हात सवयीने चालतात.

तिने मावशीच्या बटणाची नोंद चालू केली.

आणि इथेच घात झाला.

रांग एका झटक्यात शून्यावर आली. सगळे निरोप स्क्रीनवर उलगडले. त्यांत काहीच विशेष नव्हतं. प्रत्येक ओळीत मावशीचा नंबर आणि पुढे एकच शब्द. दाबलं. दाबलं. दाबलं. दाबलं...

त्याखाली नवी ओळ उमटली.

'पहिल्या संपर्काला फोन लावत आहे.'



बटण बंद केलं तरी त्याचे संपर्क तसेच राहतात, हे तिला माहीत होतं. त्या गडबडीत लक्षातच आलं नाही. मावशीचा पहिला संपर्क आणखी कोण असणार? काकाच.

फोनवर काय ऐकू येतं ते तिला तोंडपाठ होतं. 'नमस्कार. आपल्या जवळच्या व्यक्तीने मदत मागितली आहे. कृपया ताबडतोब त्यांच्याकडे जा. आपण निघत असाल तर एक दाबा.'

तिने कॉल तोडायला माउस धरला. घाईत भलतीकडेच क्लिक झालं.

'पहिला संपर्क : फोन उचलला.'

"बाबा, नको!" ती त्या रिकाम्या ऑफिसात ओरडली. "बाबा, ठेवा फोन!"

'पहिला संपर्क : निघाले आहेत.'

मग मावशीची जोडणी बंद झाली. ठकूताईने केली नाही. पलीकडून झाली.

काकांचा फोन नुसता वाजत राहिला. तिने शेजारच्या काकूंना फोन केला, आणि बोलता बोलताच जिना उतरून रिक्षा पकडली. काकू म्हणाल्या, "अगं, टीव्हीचा आवाज येतोय, पण दार नाही उघडत. बेल वाजवून दमले मी."

ठकूताई पोचली तेव्हा सुतार दार फोडत होता. कडी आतून होती. तिसरा मजला, सगळ्या खिडक्यांना गज. टीव्हीवर मॅच चालू होती. स्टुलावर अर्धा कप चहा होता, आणि तो कोमट होता.

दाराशी काकांच्या चपला नव्हत्या.

काकाही नव्हते.

पोलीस आले. त्यांनी शोध घेतला, कॅमेरे बघितले. जिन्यावरून कुणी उतरलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, "वय झालं की माणसं निघून जातात हो कधी कधी."

"आतून कडी लावून?" ठकूताईने विचारलं.

साहेबांनी टोपी उचलली आणि निघाले.

महिनाभर काकांच्या बटणावरून काही आलं नाही, म्हणून कंपनीच्या नियमाप्रमाणे तेही बंद झालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी ठकूताईचा मला फोन आला. भरदुपारी. आवाज ओळखू येईना.

"बाबांची रांग वाढतेय रे."



"पहिला संपर्क मी आहे," ती म्हणाली. "आणि दुसरा तू. बाबांनीच दिला होता तुझा नंबर."

मी दुसऱ्या शहरात राहतो. फोनवरून मी तिला नाही नाही ते सुचवलं. "ताई, तुझा नंबर काढून टाक."

"मग तुझा वर येईल."

"माझाही काढ."

"संपर्कच नसला तर आमची गाडी जाते. गाडीत दोन पोरं असतात. त्यांच्या आईबापांना काय सांगू?"

"मग वाचूच नको! राहू दे तुंबलेलं."

ती म्हणाली, "अरे, ते माझे बाबा आहेत. मदत मागतायत."



तरी तिने धीर धरला. रोज कामावर जाऊन ती फक्त तो आकडा बघायची. कधी तासाभरात दहा-बारा निरोप वाढायचे, कधी दिवसभरात एखादाच. बफरला मर्यादा असते. तो काठोकाठ भरला की सर्व्हर समोरच्याला कळवतो, थांब, आता जागा नाही. ती वेळ येऊ नये म्हणून ठकूताईने मर्यादा दोनदा वाढवली. आणखी वाढवायला सर्व्हरने नकार दिला.

परवा शुक्रवारी ती रांग भरली.

काल रात्री तिचा फोन आला. ती अगदी शांत बोलत होती. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

"आकडा थांबलाय. ते अजून दाबतायत की दमून थांबले, काहीच कळत नाही. इतके दिवस निदान आकडा हलत होता रे. वाटायचं, बाबा आहेत कुठेतरी."

"ताई, तू काही करू नकोस. मी येतो. आपण बघू."

"उद्या रविवार. ड्युटी माझी आहे," ती म्हणाली. "दुपारी वाचणार आहे मी. आधी फोन मला येईल. मी उचलला नाही तर तुला येईल. आला तर तू उचलू नकोस, एवढं माझं ऐक."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर... मी उचलला असं समज."

तिने फोन ठेवला. नंतर तो लागलाच नाही.

सकाळी मी दाढीला उठवून तिच्या ऑफिसला पिटाळलं. तो निघालाय. मला निघायला गाडी संध्याकाळची आहे, तोवर हातपाय हलवायला म्हणून हे लिहीत बसलोय. फोन समोर ठेवलाय. आवाज पूर्ण वाढवलाय. रेंज आहे, बॅटरी आहे, दर दोन मिनिटांनी बघतोय. माझ्या आयुष्यात मी कुठल्या फोनची एवढी वाट बघितली नसेल.

दुपार टळली आहे.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं आहे.

फोन वाजलेला नाही.