भिंतीकडची मोजणी

माझं काम काय, हे समजावून सांगताना मी नेहमी अडखळायचो. कारखान्यांचा माल रेल्वेने येतो, जातो. गाडी आत कधी आली, रिकामी व्हायला किती वेळ लागला, कुठे खोळंबली, हे मी घड्याळ आणि वही घेऊन बघत बसे आणि वेळ कुठे वाचवता येईल ते कागदावर मांडून देई. सगळं पुस्तकं वाचून शिकलेलं. हाताला कधी वंगण लागलं नाही. यार्डातल्या माणसांसमोर उभं राहिलं की वाटे, आता कोणीतरी विचारणार, तुम्हाला यातलं काय कळतं? कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काचेच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. तिथे वाळू रेल्वेने येई. मुख्य मार्गावरून एक फाटा कारखान्याच्या फाटकातून आत शिरे आणि सरळ जाऊन एका जाड ओंडक्यापाशी संपे. डाव्या हाताला वाळू उतरवायचं आवार. उजव्या हाताला नऊ फुटी भिंत, आणि भिंत आणि गाडी यांच्यामध्ये एका माणसापुरती बोळ.

या फाट्यावर सोळा माणसं कामाला होती. त्यांतले एक माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. आलेल्या गाडीच्या डब्यांचे नंबर टिपणं हे त्यांचं काम. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मॅनेजरने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "महिनाअखेर गाडी पाच तासांत रिकामी व्हायला हवी. नाहीतर फाटा बंद, वाळू ट्रकने येईल." ते बोलताना त्यांनी डोळे चोळले. त्या कारखान्यात सगळेच दमलेले होते.

मी उतरलो होतो ताईकडेच. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अकरा महिने काढून दे रे. घरी बसवलं तर हे दिवसभर माझे डबे मोजतील."

"तुझ्या डब्यांत काही असतं का मोजण्यासारखं?" भाऊजी आतून म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी वही उघडली. गाडी सकाळी नऊ-दहाला येई. इंजिन तिला मागून ढकलत आत आणी. मग डबे जोडणारा-सोडणारा शंटर, ज्याला सगळे 'शिट्टी' म्हणत, डावीकडून चालत डब्यांचे नंबर लिहून घेई. तो परतला की भाऊजी भिंतीकडून तीच वाट चालत. मग दोघं बाकावर बसून कागद जुळवत. गाडी रिकामी होऊन निघताना पुन्हा हेच. भिंतीकडची मोजणी आणि जुळवणी, दोन्ही वेळची मिळून पन्नास मिनिटं. मला हवी होती नेमकी तेवढीच.

"भाऊजी, नंबर दोन्ही बाजूंना तोच रंगवलेला असतो. दोनदा कशाला मोजायचं?"

"डावीकडून बेचाळीस भरतात, मास्तर," ते म्हणाले. मी कधी शिकवलं नव्हतं, पण ते मला मास्तरच म्हणत. "भिंतीकडून त्रेचाळीस."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी कपाटातून जुने कागद काढले. एकोणीस वर्षांचे. डावीकडचे सगळे बेचाळीसचे, भिंतीकडचे सगळे त्रेचाळीसचे. शेवटच्या ओळीत नंबर नाही, नुसती एक खूण.

"हा त्रेचाळिसावा कोणाचा?"

"कोणाचा का असेना. आत आला म्हणून लिहायचं, बाहेर गेला म्हणून लिहायचं. माझ्या आधीच्या माणसाने एवढंच शिकवलं."

हे गार्डचा डबा मोजत असावेत, असं मी वहीत लिहिलं आणि माझं समाधान झालं. गार्डचा डबा फाटकाबाहेरच सोडून येत, हे मी स्वतःच चार पानं आधी टिपलेलं होतं. ते मला आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, कोण जाणे.

भिंतीकडची मोजणी बंद करावी, असा कागद मी एका मंगळवारी दुपारी साडेबाराला मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी लगेच सही केली. त्या वेळी सकाळची गाडी आत उभी होती. आत येताना ती दोन्ही बाजूंनी लिहिली गेली होती. बाहेर जाताना एकाच बाजूने लिहिली गेली.

भाऊजी बाकावर बसून होते. "उद्यापासून तरी करायचं होतंस," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात वेळ बरोबर पाच तासांवर आला. मॅनेजरने माझा हात हातात घेतला.

बुधवारच्या गाडीचा शेवटचा डबा मात्र ओंडक्याला भिडला नाही. चौदा पावलं अलीकडेच थांबला. इंजिनाचा ड्रायव्हर म्हणाला, "काहीतरी टेकलं." शिट्टी जाऊन बघून आला. पुढे मोकळे रूळ होते. पुन्हा ढकललं तरी गाडी सरकेना. दुसऱ्या टोकाला पहिला डबा फाटकाबाहेर राहिला आणि फाटक लागेना. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. कोणी तक्रार केली नाही. लोक फाटक अर्धं उघडं ठेवून काम करू लागले.

शनिवारी मी लवकर गेलो. फाटा रिकामा होता. रात्री दव पडलं होतं. रूळ, खडी, भिंतीचा पाया, सगळं ओलं. फक्त ओंडक्यापासून चौदा पावलांची पट्टी कोरडी होती. उभी मोटार सकाळी काढून नेल्यावर खाली राहते, तशी. मी खाली वाकून खडीला हात लावला. कोरडी, आणि गार. ओल्या गोणपाटासारखा वास येत होता.

मी काय केलं? वहीत लिहिलं, 'जमिनीचा उतार तपासणे.'

त्या दिवशी जेवताना ताई म्हणाली, "हे हल्ली भिंतीला चिकटून बसतात. कोणाला वाट द्यायची आहे, देव जाणे."

भाऊजींनी मान वर केली नाही. "लिहून टाकायला हवा," ते म्हणाले. "आत लिहिला, बाहेर लिहिला नाही. तो जाणार कसा?"

"मी लिहितो. चूक माझी आहे."

"तुला नाही दिसायचा. तू डावीकडचा माणूस."

सोमवारी दुपारी दोनला गाडी रिकामी झाली. लख्ख ऊन होतं. भाऊजी कागद-पेन्सिल घेऊन बोळीत शिरले. मी डावीकडून त्यांच्याबरोबर चालू लागलो. डब्यांखालून, चाकांमधून मला त्यांचे कॅनव्हासचे बूट दिसत होते. दोन डब्यांच्या फटीत ते क्षणभर पूर्ण दिसत आणि पुन्हा पाय तेवढे उरत. ते मोठ्याने आकडे म्हणत होते, आवाज थकलेला होता, पण चाल नेहमीचीच.

"एकेचाळीस."

"बेचाळीस."

बेचाळिसावा डबा संपला. त्यापुढे चौदा पावलं मोकळे रूळ, ओंडका, भिंत आणि ऊन. मी टोकाला उभा राहिलो. भाऊजी आता पूर्ण दिसायला हवे होते.

बूट बेचाळिसाव्या डब्याच्या शेवटच्या चाकामागे गेले. पुढे आले नाहीत.

पावलं मात्र वाजत होती. खडीवर, माझ्या समोरून, सावकाश. मी मोजली.

चौदा.

"त्रेचाळीस," भाऊजींचा आवाज आला. मग पेन्सिलीचा.

मी हाक मारली. दोनदा.

फाटकाकडून इंजिनाने ओढ घेतली. डब्यांच्या साखळ्या एकामागून एक ताणत माझ्यापर्यंत आल्या. बेचाळिसावा डबा हलला. आणि माझ्या मागे, मोकळ्या रुळांवर, आणखी एक साखळी ताणली गेली.

गाडी गेली. बोळ रिकामी होती. ओंडक्यावर कागद होता, खड्याखाली दाबलेला. शेवटच्या ओळीत खूण, त्यापुढे भाऊजींच्या अक्षरात 'गेला'.

पुढच्या स्टेशनात गाडी थांबवून तपासली. बेचाळीस डबे, सगळे रिकामे. पोलिसांनी भिंत पाहिली. वर तारा होत्या, शाबूत. दुसऱ्या दिवशी पहाटे रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले होते. गाडी ओंडक्याला भिडली. फाटक लागलं. फाटा अजूनही चालू आहे, आणि भिंतीकडून कोणी मोजत नाही.

मी त्यानंतर दुसरं काम घेतलं नाही. गेली तेवीस वर्षं ताईकडेच असतो. तिने मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. ती भिंतीकडच्या अंगाला बसते, मी समोर, डावीकडे. आम्ही दोघं जेवतो. ताटं ती तीन मांडते.

"एकदा या बाजूला येऊन बस ना रे," ती अधूनमधून म्हणते. मी गुडघ्यांचं कारण सांगतो.

जेवणं झाली की ती फरशी पुसून घेते. तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसतो. पण काल लक्ष गेलं. सगळी फरशी ओली चकचकीत होती. भिंतीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे मात्र दोन जागा कोरड्या होत्या, शेजारी शेजारी, बुटांएवढ्या.